शेठच्या इंजेक्शनसाठी लूम बंद

आमच्या हॉस्पिटलची मागची भिंत शनिवारी सकाळी थरथरायला लागे ती गुरुवारी रात्रीपर्यंत थरथरत राही. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, कारखाना होता. भिवंडीच्या निजामपुऱ्यात तेव्हा कुठल्याही भिंतीपलीकडे लूमच असे, त्यात नवल काही नाही. पण आमची भिंत जरा जास्तच मनावर घेई. ट्रेमधल्या सुया आपल्या आपण चालत जाऊन एका कोपऱ्यात जमा होत. सलाईनच्या बाटलीतलं पाणी सतत शहारे. नव्या पेशंटला वाटे आपल्यालाच थंडी वाजतेय, आणि तो भर मे महिन्यात चादर मागे. शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी सुया ठेवल्या तिथेच राहत, आणि आम्ही बायका सवयीने एकमेकींच्या अंगावर ओरडत असू.

हॉस्पिटल म्हणजे खाली तीन खोल्या आणि वर डॉक्टरांचं घर. मी दिघाशीची, नर्सिंग करून नुकतीच लागलेली. माझ्याशिवाय एक मावशी होती, झाडण्यापुसण्यापासून पेशंटच्या नातेवाइकांना दम देण्यापर्यंत सगळं बघणारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मुंबईहून एक वापरलेली दुर्बीण विकत आणली. काळी, लांबलचक, बोटाएवढी जाड नळी. ती तोंडातून पोटात घालायची आणि वरच्या टोकाला एक डोळा लावून आत बघायचं. आतलं चांगलं दिसावं म्हणून खोलीत अंधार करावा लागे. दिवे बंद, पडदे बंद, सगळा थाट सिनेमासारखा. फक्त प्रेक्षक एकच. डॉक्टर "वा!" म्हणत, "अरे बापरे!" म्हणत, आणि आम्ही अंधारात उभ्या राहून कल्पना करत असू की आत काय बरं चाललं असेल.

आम्ही म्हणजे मी. मावशी दारावर असे. आत पेशंटला डाव्या कुशीवर धरायचं, त्याच्या दातांमधली प्लॅस्टिकची कडी निसटू द्यायची नाही, लाळ ओढून घ्यायची, डॉक्टरांनी "हवा" म्हटलं की हवा आणि "पाणी" म्हटलं की पाणी द्यायचं, आणि पेशंट नीट श्वास घेतोय ना ते बघायचं, ही सगळी कामं माझी. देवाने दोनच हात दिले, म्हणून मी पेशंटची पाठ गुडघ्याने धरत असे. काम झालं की नळी धुवायची. ती ज्या औषधात बुडवायची त्याच्या वासाने डोळ्यांतून अशी धार लागे, की बाहेर बसलेले नातेवाईक मला बघून रडायलाच लागत. एकदा एका म्हाताऱ्याने माझे डोळे बघून विचारलं, "गेली का हो?" त्याची बायको आत ढेकर देत बसली होती.

आता इंजेक्शनची गोष्ट. नळी गिळताना माणूस घाबरतो, म्हणून शिरेतून गुंगीचं औषध देतात. माणूस झोपाळतो, नळी जाते, नंतर त्याला काही आठवतही नाही. सगळं छान. पण हे औषध कुणाला किती चढेल त्याचा नेम नसतो, आणि कधीकधी माणूस झोपेच्या भरात श्वास घ्यायचाच विसरतो. पुढे बोटाला लावायचा चिमटा आला, श्वास कमी पडला की टूंटूं वाजणारा. तेव्हा आमच्याकडे तो नव्हता. अंधारात ओठांचा रंग दिसत नसे. मनगट धरलं तर टेबलच थरथरायचं, त्यामुळे पेशंटची नाडी कुठली आणि लूमची कुठली ते कळत नसे. उरले कान. आणि कानांत शनिवार ते गुरुवार खटाखट खटाखट.

सुरुवातीला आम्ही कुठल्याही वारी तपासणी करायचो. मग अंबाडी गावचा एक किराणावाला आला. इंजेक्शन दिलं, नळी गेली, डॉक्टर आत रमले, लूम चालू, सगळं सुरळीत. तेवढ्यात वीज गेली. लूम थांबले, आणि त्या शांततेत मला काहीच ऐकू येईना. म्हणजे खरंच काही नाही. त्या माणसाचा श्वास कधी थांबला कुणास ठाऊक. डॉक्टरांनी नळी ओढून काढली, त्याचा जबडा वर उचलला, रबरी पिशवीने हवा भरली, आणि तो परत आला. घरी जाताना म्हणाला, झोप फार छान लागली. वीज गेली नसती तर?

त्या दिवसापासून डॉक्टरांनी नियम केला. "कान चालत नसतील तर इंजेक्शन नाही." दुर्बीण शुक्रवारी, तीही दुपारच्या नमाजाच्या आत. इतर दिवशी कुणी फारच अडून बसला तर नळी शुद्धीत गिळायची. कामगारांनाही शुक्रवार सोयीचा होता. ते मीटरवर काम करणारे. जितका कपडा तितका पैसा. सुट्टीच्या दिवशी आजारी पडणं त्यांना परवडे.

आणि मग एका गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडचे शेठ आले.

शेठ म्हणजे मागच्या कारखान्याचे मालक. चांगला भरदार देह, मान जवळजवळ नाहीच, पांढरा कुर्ता, आणि त्या कुर्त्यावर पुढे काळपट तांबडे डाग. पहाटेच्या नमाजानंतर रक्ताची उलटी झाली होती. बरोबर त्यांची बायको, जिला गल्लीत सगळेच भाभी म्हणत. गुडघे दुखतात म्हणून शेठ महिनोन्‌महिने वेदनेच्या गोळ्या मुरमुऱ्यांसारख्या खात होते, हे भाभींनी डॉक्टरांना दारातच सांगितलं. शेठ म्हणाले, "कुच नाय, पान खाया था." भाभी म्हणाल्या, "पान आयुष्यात खाल्लं नाही यांनी."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि जखम अजून वाहतेय की थांबलीय ते आताच बघायला हवं म्हणाले. वाहत असेल तर नळीतूनच सुई टोचून बंद करता येईल. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं तर खाडीवरचा पूल आणि त्यावरच्या ट्रकांच्या रांगा. वाटेत पुन्हा उलटी झाली तर रिक्षात कोण काय करणार?

"उपाशी आहात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल," शेठ म्हणाले.

"चहा?"

"चाय तो चाय है, डॉक्टरसाब. खाना थोडी है?"

हे उत्तर आम्हाला पाठ होतं. भिवंडीत चहा खाण्यापिण्यात धरत नाहीत. नशिबाने चहा पोटात राहिलाच नव्हता.

आधी इंजेक्शनशिवाय करून पाहिलं. घशात औषध फवारलं, कडी दातांत दिली. नळी जिभेला लागली मात्र, शेठनी कडी थुंकली, डॉक्टरांचं मनगट एका हाताने आणि माझी वेणी दुसऱ्या हाताने धरली, आणि असे ओरडले की लूमच्याही वर आवाज गेला. त्या ओरडण्याने पुन्हा थोडं रक्त आलं. डॉक्टर मनगट चोळत म्हणाले, "झोपवावं लागेल. भाभी, हे घोरतात का?"

"घोरतात? हम लोग छत पे सोते हैं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. आखूड मानेचा, घोरणारा, रक्त गेलेला माणूस, आणि भिंतीपलीकडे त्याचेच लूम चालू. त्यांनी शेठना शांतपणे सांगितलं, "शेठ, लूम बंद करायला सांगा. तुमचा श्वास मला ऐकू यायला हवा."

शेठ उठून बसायला लागले. "एक पाइप के वास्ते लूम बंद? गिऱ्हाईक काय म्हणेल? तुमी बाजूवाल्याचे बंद करा, मेरे चालू रखो."

"बाजूवाला तुमच्याकडे बघून चालवतो."

"तो फिर कल करो. कल जुम्मा है."

"उद्यापर्यंत रक्त थांबेल का, ते त्याला विचारून सांगा मला."

शेठनी कुर्त्यावरच्या डागांकडे बघितलं. पण हो म्हणाले नाहीत. तेव्हा भाभी उठल्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, चल माझ्याबरोबर."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या बाईने नवऱ्याच्या कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही मागच्या बोळातून गेलो. आत कापसाचे तंतू हवेत तरंगत होते, कामगारांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि आवाज असा की बोलणं ओठांवरून वाचायचं. मुकादम आझमगडचा. भाभींना बघून त्याने आधी बनियनवर शर्ट घातला. मी त्याच्या कानात ओरडले, "लूम बंद करो! शेठ का ऑपरेशन है!"

तो हात जोडून ओरडला, "शेठ का हुकम है, मैं मर भी जाऊँ तो लूम बंद नहीं करने का!"

हे खरंच होतं. शेठ हे वाक्य प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी ऐकवत. मुकादमाने ते कुराणाच्या खालोखाल मानलं होतं. मी म्हटलं, मरणार आहेत म्हणूनच सांगतेय. तो म्हणाला, वही तो, मरने पर भी नहीं. आता याच्याशी वाद कसा घालायचा?

भाभींनी वाद घातला नाही. भिंतीवर विजेची मोठी पेटी होती, तिचा लोखंडी दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. हातातल्या बांगड्या दांड्यावर आपटल्या, आणि तो आवाज मला ऐकू आला. म्हणजे लूम थांबत होते. एकदम नाही थांबत ते. पट्टे फिरत राहतात, आडवा धागा नेणारे धोटे एकदोन फेऱ्या मारतात, मग एकेक करून गप्प होतात. "सबकी आज की मजुरी पूरी मिलेगी," भाभी त्या शांततेत म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या.

आम्ही परतलो तेव्हा मावशी दारात उभी. "सिस्टर, गल्लीन् काय झालाय बग. सगल्यांनी बंद केलान."

खरंच. पलीकडचा कारखाना बंद, समोरचा बंद, मशिदीकडच्या टोकापर्यंत सगळं चिडीचूप. कारण सांगते. आमच्या गल्लीत रिवाज असा, की कुणा लूमवाल्याच्या घरी मयत झाली की त्याचे लूम थांबतात, आणि ते थांबलेले ऐकून बाकीचे आपले थांबवतात. हिंदू असो की मुसलमान. शेठ सकाळी रक्ताने माखलेला कुर्ता घालून हॉस्पिटलात गेल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यात त्यांचे लूम, जे शेठ मेल्यावरही बंद व्हायचे नव्हते, ते गुरुवारी बंद. गल्लीने हिशेब केला. लोक डोक्यावर टोप्या, रुमाल घालून आमच्या पायऱ्यांशी जमायला लागले होते.

"सांगू का मी त्यान्ला, जिता हाय म्हनून?" मावशीने विचारलं.

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे आलं त्याचा मला आजही अभिमान आहे. जिवंत आहेत म्हटलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतील आणि लूम चालू करतील. मी म्हटलं, "मावशी, खोटं बोलू नका. पण काही बोलूच नका. नुसत्या तोंड पाडून उभ्या राहा."

मावशीने पदर तोंडाला लावला आणि अशी उभी राहिली, की पुढच्या रांगेतले दोघे पायरीवरच बसले. कुणी विचारलं, "कैसे हैं?" मावशी म्हणाली, "शांत हायेत." त्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आत अंधार. डॉक्टरांनी गुंगीचं औषध थेंब थेंब दिलं, एवढ्या देहाला देतात त्याच्या निम्मंच. शेठच्या पापण्या मिटल्या आणि ते घोरायला लागले. मला वाटलं एखादा लूम परत चालू झाला. पण तेच तर हवं होतं. आवाज येतोय तोवर हवा जातेय. मी त्यांच्या चेहऱ्याजवळ कान नेऊन बसले. नळी गेली.

"वा," डॉक्टर म्हणाले. मग, "अरे बापरे." मग बराच वेळ काही नाही. मग, "दिसली. मोठी आहे."

आणि घोरणं थांबलं.

मी वाट पाहिली. घोरणाऱ्या माणसाचं असं होतं. मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. अंबाडीच्या किराणावाल्याच्या वेळी मला थांबलेलं कळलंच नव्हतं. आता कळलं. बाहेर मावशीचं नाक ओढणंसुद्धा ऐकू येत होतं, पण माझ्या कानाजवळ काही नव्हतं.

"डॉक्टर, आवाज गेला."

"एक सेकंद. रक्त थांबलंय का ते बघतो."

"डॉक्टर, आवाज नाही."

दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस आत असतो, खोलीत नसतो. याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्या एका भोकातून बघताना मलाही तसंच झालं असतं. पण मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आमच्या शेतावर बैलाला देतात तशी हाक दिली. "ओढा बाहेर!"

त्यांनी ओढली. दिवा लागला. शेठचे ओठ जांभळे. डॉक्टरांनी जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे उचलला, मी ऑक्सिजनची नळी लावून रबरी पिशवी दाबली. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा दाबली. भाभी कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना कुणी बाहेर जायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं होतं. पुन्हा दाबली. आणि मग शेठनी आपला आपण जो श्वास ओढला, तो असा घर्रर्र खटॅक करून, की पायऱ्यांवरच्या लोकांनीही ऐकला.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "ये तो जिंदा है!"

दुसरा म्हणाला, "अरे, जिंदा है तो लूम काहे को बंद है? चलो रे!"

भाभी दाराशी गेल्या. गल्लीतल्या पुरुषांसमोर बोलायची सवय नसलेली ती बाई उंबऱ्यावर उभी राहिली. "ते शुद्धीवर येईपर्यंत कुणी लूम चालू केला, तर त्याच्या घरच्या लग्नात मी जेवणार नाही." आमच्या भागात याहून मोठी धमकी नाही. सगळे परत बसले.

डॉक्टर तोवर भिंतीला टेकले होते. जखम दिसली होती, वरती रक्ताची गुठळी धरलेली, वाहत नव्हती. सुई टोचायची गरज नव्हती. गोळ्या बंद, औषध आणि विश्रांती, आणि दोन बाटल्या रक्त. मग ते मला म्हणाले, "मी ऐकलं नाही तुमचं पहिल्यांदा." मी म्हटलं, "दुसऱ्यांदाही नाही." त्यांनी मान हलवली. पुढच्या शुक्रवारपासून त्यांनी अजून एक सिस्टर ठेवली, जिला दुसरं काहीच काम नव्हतं. फक्त पेशंटच्या डोक्याशी बसायचं आणि ऐकायचं. कामचुकारपणासारखं दिसायचं ते, पण माझ्या गुडघ्याला आणि डॉक्टरांच्या जिवाला आराम मिळाला.

पण तो गुरुवार अजून संपला नव्हता. इंजेक्शन दिलेल्या पेशंटला एकटं सोडण्याआधी तो नीट जागा आहे की नाही ते बघायचं असतं. अर्धवट जागा माणूस होय होय म्हणतो, आणि पाठ फिरवली की पुन्हा बुडतो. म्हणून मी तीन प्रश्न विचारायचे. नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता.

शेठनी डोळे किलकिले केले. नाव बरोबर सांगितलं. कुठे आहात? "डॉक्टरसाब के यहाँ." बरोबर. आज वार कोणता?

शेठनी कान दिला. "जुम्मा."

"चूक. झोपा."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा जरा ऐकून, मोठ्या खात्रीने, "जुम्मा." खिडकीत मुकादम आणि कामगार दाटीवाटीने उभे होते. एकाने कुजबुजून गुरुवार सुचवला, "शेठ, जुमेरात बोलो, जुमेरात!" मी खिडकीकडे डोळे वटारले. कॉपी चालणार नव्हती.

तिसऱ्यांदाही जुम्माच. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अजून गुंगी उतरत नाहीये, काळजीचं आहे." तेव्हा मुकादम खिडकीतून म्हणाला, "साब, इनका क्या कसूर? लूम बंद है तो जुम्माच होगा ना."

गोष्ट सरळ होती. लूम बंद असेपर्यंत शेठ गुरुवार म्हणणार नव्हते, आणि शेठ गुरुवार म्हणेपर्यंत भाभी लूम चालू करू देणार नव्हत्या.

डॉक्टरांनी तोड काढली. "एक लूम चालू करा. एकच. शेवटच्या टोकाचा. माझे कान तेवढं झेलतील."

मुकादम धावत गेला. भिंत जराशी शहारली, आणि लांबून खटाखट यायला लागली. शेठच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे पूर्ण उघडले, मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"ये जुम्मा नहीं है," ते म्हणाले. "जुमेरात है. और एकच लूम? बाकीचे कोणी बंद केले?"

"मी," भाभी म्हणाल्या.

शेठनी बायकोकडे बघितलं. तिच्या दुपट्ट्याचं टोक चावून ओलं झालेलं, एका मनगटावरच्या बांगड्या फुटलेल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, डोळेही मिटले, आणि घोरायला लागले.

मी पटकन नाकाशी कान नेला. आतापर्यंत त्यांचं खरं घोरणं मला चांगलं ओळखीचं झालं होतं. हे तसलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पेशंट पूर्ण जागा आहे."